मोघम उजेड

माझा नवरा माझ्याकडे बघत नाही, हे मला आमच्या दिव्यांनी सांगितलं.

पूर्वी असल्या गोष्टी बाईला कळायला वर्षं लागायची. संशय यायचा, जायचा, सणावाराच्या गडबडीत विसरायला व्हायचा. आता ती सोय राहिली नाही. नजरदिवे आल्यापासून घरात कोण कुठं बघतंय ते सरळ भिंतीवर उमटतं. जेवायला बसलं की माझ्या नजरेचा गोल माझ्या ताटावर असतो. उत्तमचा गोल माझ्या उजव्या कानाच्या वर, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी त्याच्या बरोबर समोर बसलेली, आणि माझा चेहरा काळोखात.

सासूबाईंचा गोलच नाही. त्यांनी डोळ्यांची नोंद करून घ्यायला साफ नकार दिला. त्यांच्या खोलीत अजून जुनी ट्यूब आहे आणि स्वयंपाकघरात त्या दुसऱ्यांच्या नजरेवर जेवतात.

"उत्तम, माझ्या वाटीकडं बघ रे जरा. आमटी दिसंना मला."

उत्तमनं बघितलं. उजेड लोणच्याच्या बरणीवर पडला.

"वाटी म्हटलं, बरणी नाही."

"मी बघते, आई," मी म्हटलं आणि आमटीवर नजर धरून बसले. त्यांचं जेवण होईस्तोवर माझी भाकरी मी अंदाजानंच खाल्ली. उत्तमचा गोल पुन्हा कॅलेंडरवर.

"आज एकादशी आहे का गं?" आई म्हणाल्या.

"नाही."

"मग हा काय शोधतोय तिथं? तुझ्यापेक्षा एकादशी बरी दिसती वाटतं त्याला."

उत्तम हसला. मीही हसले, पण माझं हसू कुणाला दिसलं नसणार. तिथं उजेड नव्हता.

दोष द्यायला दुसरं कुणी नाही, कारण हे दिवे मीच बसवले. इचलकरंजीत माझं दिव्यांचं दुकान आहे. कॉलेज बारावीला सुटलं. बाकीचं मी कॅटलॉग वाचून, लक्समीटर हातात घेऊन आणि चुका करून शिकले. कुठल्या हॉलला किती दिवे, किती उंचीवर, कशा कोनात, याची आखणी मी करून देते. गिऱ्हाइकाला समजावताना नळाचं उदाहरण देते. नळातून एकूण पाणी किती येतं, तसे लुमेन: दिव्यातून निघणारा सगळा उजेड, तोही माणसाच्या डोळ्याला भावेल त्या मापानं मोजलेला. पाण्याची एका दिशेची धार किती जोराची, तसा कँडेला. आणि अंगणात एका चौरस मीटरला किती पाणी पडलं, तसा लक्स. वाचायला तीनशे लक्स, कापड तपासायला हजार. अंगण भिजवायचंय की एक कुंडी, हे ठरल्याशिवाय नळ विकत घेऊ नये, एवढंच माझं शास्त्र.

आणि वॅटमागं किती लुमेन, ते दिव्याचं मार्कपत्रक. पिवळा बल्ब वॅटमागं पंधराएक द्यायचा, बाकी सगळी ऊब. एलईडीनं ते दोनशेवर नेलं. पण चांगल्या पांढऱ्या उजेडाला साडेतीनशेच्या आसपास निसर्गानंच कुंपण घातलंय. त्यापलीकडं कुणाच्या बापाला जाता येत नाही. ते कुंपण दिसायला लागल्यावर संशोधकांनी वाट बदलली. म्हणाले, दिव्यातून किती निघाला ते सोडा, डोळ्यात किती शिरला ते सांगा. खोलीभर सांडलेल्या उजेडातला लाखातला एक हिस्साही बाहुलीत पोचत नाही. बाकीचा कपाटाच्या माथ्यावर, पडद्यामागं, कुणी न बघितलेल्या कोपऱ्यात मरतो. तो वाचवायचा.

त्यातून नजरदिवा निघाला. छतात तळहाताएवढी चकती, तिच्यात डोळ्याला न दिसणारे हजारो आरसे आणि आपल्या बाहुल्यांवर नजर ठेवणारा एक कॅमेरा. तुम्ही जिथं बघाल तिथं ताटाएवढा गोल उजळतो. उरलेल्या खोलीत एक लक्स. पौर्णिमेचं चांदणं तीन-चार पटींनी वाढवलं तर पडेल तेवढा, फक्त ठेच लागू नये म्हणून. पहिल्यांदा एक नजरनोंद करायची: पडद्यावर ठिपके येतात, त्यांच्याकडं बघायचं, मग यंत्राला तुमचा डोळा कळतो. एकदा केली की तीच नोंद घरात, कचेरीत, कारखान्यात, सगळीकडं चालते. शासनानं इमारतींना या हिशेबानं दर्जा द्यायला सुरुवात केली आणि माझं दुकान धो धो चाललं. मी नमुना म्हणून आधी स्वतःच्या घरात बसवले. पहिलं वर्ष मजेत गेलं. जेवताना उत्तम मुद्दाम माझ्याकडं टक लावून बघायचा आणि माझं तोंड सिनेमातल्या नटीसारखं उजळायचं. आई म्हणायच्या, पुरे की, आमटी निवतीय.

मग कधीतरी गोल सरकायला लागला. आधी माझ्या कानावर, मग कानामागं, मग भिंतीवर.

दिवा बिघडला असेल म्हणून मी तपासला. माझ्यावर बरोबर चालत होता. श्रेया, आमची मुलगी, पुण्याहून आली तेव्हा तिच्यावरही बरोबर चालला. म्हणजे दिवा खरं बोलत होता. मग खोटं कोण वागतंय, एवढंच उरलं.

एका रविवारी मी खुर्ची सरकवली. उजवीकडं, कॅलेंडरच्या खाली जाऊन बसले. क्षणभर तोंडावर उजेड आला. इतका बरा वाटला की मला माझीच लाज वाटली. लगेच तो गोल निसटला आणि फ्रिजवर गेला. मी वाटी घ्यायच्या निमित्तानं उठले आणि फ्रिजजवळ बसले. गोल भिंतीवरच्या घड्याळावर. मी पुढं, उजेड माझ्याही पुढं.

"संगीतखुर्ची चाललीय का?" आई म्हणाल्या.

उत्तमनं हातातला घास खाली ठेवला. "तू बस निवांत," तो म्हणाला. "मी बाहेर जाऊन बसतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. तो ताट घेऊन उठला, जाताना दाराची चौकट हातानं चाचपली, आणि मी ते बघूनही बघितलं नाही.

"मम्मी, सरळ विचार की पप्पांना," श्रेया फोनवर म्हणाली.

"काय विचारू? कॅलेंडरात काय आहे म्हणून?"

"काय आहे?"

"धबधबा आहे. सूतवाल्यानं दिलंय."

ती हसली. मी तिला सांगून टाकलं: मगदूमांचं काम संपलं की मी तुझ्याकडं येते.

"किती दिवस?"

"बघू."

"म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

मगदूमांचं काम म्हणजे मगदूम टेक्स्टाइलच्या कापड-तपासणीच्या हॉलची आखणी. माझ्यासारखीला मिळालेलं सर्वांत मोठं काम. आणि उत्तम त्याच हॉलमध्ये कापड तपासतो, लग्नाआधीपासून. टेबलावरून कापड हळूहळू सरकत जातं, तपासणारा त्यावर डोळा ठेवून तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली वीण शोधतो आणि खडूनं खूण करतो. दुसरा हात सतत कापडावर सपाट फिरत असतो. हे लोक घरी आले तरी पलंगपोसावरून तसाच हात फिरवतात.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी टेबलांवर नजरदिवे लावले, खिडक्यांना काळे पडदे टाकले आणि जुन्या ट्यूबा बंद केल्या. मगदूमशेठ हाताची घडी घालून उभे. कापड सरकायला लागलं.

प्रत्येकाच्या कापडावर एकेक गोल आला आणि नजरेबरोबर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरायला लागला. बघायला देखणं होतं. माझ्या मीटरवर कापडावर हजाराच्या वर लक्स, आणि वीज जुन्या ट्यूबांच्या दहाव्या हिश्श्याची. मगदूमशेठ मान हलवायला लागले.

मग शकिला हसली. ती उत्तमच्या डाव्या हाताच्या टेबलावर बसते.

"काय ओ साळुंखे, माझं कापड पण तुम्हीच तपासताय व्हय? तपासा, तपासा. मी चहाला जाते."

सगळे वळून बघायला लागले. शकिलाच्या कापडावर दोन गोल होते. उत्तमचं टेबल अंधारात होतं.

"साळुंखे, लक्ष कुठंय?" मगदूमशेठ म्हणाले.

"कापडावरच आहे, शेठ."

"कुणाच्या?"

हशा झाला. उत्तमही हसला, तसाच, जेवताना हसतो तसा. पहिला विचार काय आला असेल ते सांगायला नको. शकिला सहा महिन्यांनी निवृत्त होणार, दोन नातवंडांची आजी, तरी आला.

तेवढ्यात उत्तमचा उजवा हात थांबला. त्यानं कापड थांबवलं, दोन बोटांनी एक जागा पुन्हा चाचपली आणि खडूची खूण केली. मी जवळ जाऊन टॉर्च मारला. उभा धागा तुटलेला, वीतभर. अंधारात. त्याच्या नजरेचा गोल अजून शकिलाच्या टेबलावर होता.

मला काही कळेना. कापडाकडं बघत नाही, आणि कापडातला दोष सापडतो. माझ्याकडं बघत नाही, आणि…

दिव्यांच्या कामात एक मूठ वापरतात. हात लांब करून मूठ धरली की ती डोळ्यासमोरचे साधारण दहा अंश झाकते. दिवा डोळ्यात खुपेल का ते त्यावरून पटकन ठरवता येतं. मी उत्तमच्या मागं जाऊन उभी राहिले, हात लांब केला आणि त्याच्या हातापासून गोलापर्यंत मूठ धरली. एक मूठ, डावीकडं आणि जरा वर. कापड पुढं सरकलं, त्याचा हात सरकला, गोलही सरकला. पुन्हा एक मूठ.

मग मला लोणच्याची बरणी आठवली. वाटीच्या पलीकडं, जरा डावीकडं. टीव्ही बघताना टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर पडणारा गोल आठवला. मला वाटायचं त्याला बातम्यांचा कंटाळा आलाय. आणि कॅलेंडर. त्याच्या बाजूनं बघितलं तर माझ्या चेहऱ्याच्या डावीकडं, जरा वर, एक मूठ.

आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. आपण जे 'बघतो' ते त्याच्यानं. अक्षर, चेहरा, धागा, सगळं तिथं उमटतं. कडेचा पडदा फक्त मोघम सांगतो, तिकडं काहीतरी आहे म्हणून. तो ठिपका झिजला की नजरेच्या ऐन मधोमध भोक पडतं. ज्याच्याकडं बघाल तेच नाहीसं होतं. मग माणूस आपोआप शिकतो: बघायचं असेल त्याच्या बाजूला डोळा रोखायचा, म्हणजे ती वस्तू कडेच्या चांगल्या भागात येते. हे मी डोळ्यांच्या दवाखान्याची आखणी करताना वाचलं होतं. वाचलं होतं आणि विसरले होते. नजरदिव्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्याकडं नोंद दोन वर्षांपूर्वीच्या डोळ्याची.

"काय मॅडम, काय झालं?" मगदूमशेठनी विचारलं. मी भर हॉलमध्ये मूठ उगारून उभी होते.

"शेठ, हे दिवे इथं नकोत."

"अहो, तुम्हीच महिनाभर माझं डोकं खाल्लंत की."

"खाल्लं. पण कापडातला दोष नुसता रोखून बघितल्यावर दिसत नाही. कडेनं, तिरपा, ओझरता दिसतो. सगळ्या टेबलावर एकसारखा उजेड पाहिजे, एका जागी लख्ख आणि शेजारी काळोख असं नको. मी तसा करून देते."

"आणि वीज जास्त जाईल ती?"

"जाईल."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. उत्तम खुर्चीत ताठ बसून माझ्या दिशेनं बघत होता, म्हणजे माझ्या बाजूच्या खांबाकडं. मी जुन्या ट्यूबा लावल्या. सगळ्यांचे गोल पुसले गेले.

दुपारी घरी आलो तेव्हा आई झोपल्या होत्या. स्वयंपाकघरात खिडकीतून ऊन आलं होतं, फरशी, भांडी, भिंत सगळं एका दमात उजळलेलं, कुणी बघो न बघो.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं 'काय?' म्हणून विचारलं नाही. "झालं की वर्ष. मिरजेला दाखवून आलो. सूत बघायला जातो म्हणालो होतो, तेव्हा."

"दोन्ही?"

"दोन्ही. आणखी वाढायचं नाही म्हणाले, बहुतेक. मधलं गेलं ते गेलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"कापड तपासणाऱ्यानं काय सांगायचं? डोळे गेले म्हणून?" तो टेबलावर हात फिरवत राहिला. "आणि तुला सांगायचं म्हणजे. मी म्हटलं असतं उजेड बरोबर पडत नाही, तर तू दिवा खोलून बसली असतीस. आणि दिवा चांगला निघाला असता."

मला राग आला, आणि तो मला बरा वाटला.

"मी वर्षभर समजतेय तुम्ही माझ्याकडं बघत नाही. श्रेयाकडं निघाले होते मी. राहायला."

"मला वाटलंच."

"काय वाटलं?"

"जाणार तू. त्या रविवारी तू सारखी उठून जागा बदलत होतीस. मी कसंबसं तुला कडेला धरायचो, नाक-डोळे जरा जागेवर यायचे, की तू उठून नेमकी त्या भोकात जाऊन बसायचीस. पुन्हा डोळा हलवून धरली, पुन्हा गेलीस. म्हटलं, हिला आपल्या नजरेसमोरच बसायचं नाही. म्हणून उठलो."

मी त्याच्या उजेडात जायला धडपडत होते. आणि तो उजेड ही घरातली एकच जागा होती जिथं मी त्याला दिसत नव्हते.

"आता दिसतेय का?" मी विचारलं.

त्यानं डोळे हलवले. माझ्यावरून, खिडकीवर, परत. "जरा इकडं. नाही, तिकडं नको. राहा. राहा तशीच." नजर कॅलेंडरवर जाऊन थांबली. "आहेस," तो म्हणाला. "केस पांढरे झालेत गं तुझे."

"वर्ष झालं की."

मगदूमशेठना सोमवारी तो स्वतः सांगणार आहे. हातानं तपासतो म्हणून ठेवतील, की कापडाच्या घड्या घालायला लावतील, की घरी बसवतील, सांगता येत नाही. मी सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाला, तू आलीस तर ते बिलाचंच बोलत बसतील.

दिव्यांचं म्हटलं तर सोपं होतं. त्याची नजरनोंद पुन्हा करायची, बस्स. आजच्या डोळ्यानं त्यानं ठिपक्यांकडं बघितलं असतं की यंत्रानं त्याची मूठभर चूक पोटात घेतली असती. संध्याकाळी मी पडदा काढला, त्याला समोर बसवलं आणि केलीसुद्धा. मग जेवायला बसलो. त्यानं कॅलेंडरकडं बघितलं आणि उजेडाचा अख्खा गोल माझ्या तोंडावर येऊन आदळला.

वर्षभर ज्याची वाट बघितली तो उजेड. त्याचा डोळा जरा हलला की उजेड माझ्या गालावर, हनुवटीवर, गळ्यावर हलायचा, आणि तो कुठं किती थांबला हे मला, त्याला, आईंना, सगळ्यांना दिसत होतं. मी पदर सारखा केला. कशासाठी, कुणास ठाऊक.

"मला मेलीला मोघम उजेड पाहिजे," आई म्हणाल्या. "सगळ्यांवर पडतो तसला. माझ्या खोलीतली ट्यूब आण काढून इकडं, आणि ते नाटक बंद कर."

मी स्टुलावर चढून ट्यूब लावली. जुनी, कडांना काळी पडलेली, मार्कपत्रकात नापास. तिचा उजेड कपाटाच्या माथ्यावर पडला, पडद्यामागं पडला, फ्रिजवर, आमटीवर, आईंच्या हातांवर, माझ्यावर, त्याच्यावर. कोण कुठं बघतंय ते कळायला काही मार्ग उरला नाही.

श्रेयाला मी अजून फोन केलेला नाही. येणार म्हणून सांगितलंय, येत नाही म्हणून काय सांगू? पप्पा कॅलेंडरकडं बघतात, म्हणून?

कारण आता मला पाठ झालंय. जेवताना त्याची नजर माझ्या उजव्या कानाच्या वर, धबधब्यावर असते. म्हणजे तो मला बघत असतो. त्याला खरंच तारीख बघायची असेल तर तो कॅलेंडरच्याही पलीकडं, फ्रिजकडं बघतो. काल मात्र नजर सरळ माझ्या डोळ्यांत होती, बराच वेळ. म्हणजे नेमकी मीच त्याला दिसत नव्हते, आणि तो बघत होता दुसरंच काहीतरी, माझ्या डाव्या खांद्याच्या खाली. तिथं भाकरीची टोपली होती.

त्यानं टोपली मागितली नाही. मग टोपली बघत होता, की सरळ बघितल्यावर मी दिसत नाही हे माहीत असून उगाच माझ्या डोळ्यांत बघत होता, ते मी ठरवत बसले. ठरेना. भाकरी वाढली. त्यानं घेतली.